पेडल कोणी दाबले?

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. तेथे मोटारींसाठी लागणारे पत्र्याचे सुटे भाग बनतात आणि काम तीन पाळ्यांत चालते: सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. रात्री दवाखान्यात एक ब्रदर असतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचे काही घडले तरच मला फोन येतो. मागच्या ऑक्टोबरातील एका सोमवारी पहाटे पावणेपाचला तसा फोन आला. "मॅडम, स्पॉट वेल्डिंगवर बोट सापडलंय. डाव्या हाताचं."

कॉलेज रोडहून निघून आयटीआय सिग्नल ओलांडेपर्यंत रस्त्यावर दुधाच्या गाड्यांखेरीज काही नव्हते. मी पोहोचले तेव्हा ब्रदरांनी जखम धुऊन बांधून ठेवली होती. तर्जनीचे टोक चेपून भाजले होते आणि नख उखडले होते, पण बोट वाचणार होते. या यंत्रात तांब्याची दोन टोके समोरासमोर असतात. पत्र्याचे दोन तुकडे हाताने त्यांच्यामध्ये धरायचे आणि पायाने पेडल दाबायचे. वरचे टोक खाली येऊन पत्रा दाबते, क्षणभर काही हजार अँपिअरचा प्रवाह जातो आणि टाका बसतो. एका पाळीत हे शेकडो वेळा करावे लागते, त्यामुळे हात जागेवर आहे की नाही हे पायाला कळण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाच्या लक्षावर येऊन पडते.

"मॅडम, आईशप्पथ सांगतो, पेडल मी दाबलंच नाही," जखमी ऑपरेटर म्हणाला. "मशीन आपोआप खाली आलं."

मेंटेनन्सच्या लोकांनी पेडल, व्हॉल्व्ह आणि टायमर तपासला आणि यंत्र शंभरभर वेळा चालवून पाहिले. दोष सापडला नाही. शिफ्टच्या सुपरवायझरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की माणूस कामाला चांगला आहे, पण नोटीस निघेल या भीतीने खोटे बोलतो आहे.

माझी अडचण वेगळी होती. त्या वेळी सहा आठवड्यांपासून मी तिसऱ्या पाळीतील थकव्याचा एक छोटा अभ्यास करत होते. स्वखुशीने सामील झालेले कामगार पाळीच्या सुरुवातीला, पहाटे तीनला आणि सुटताना आपल्याला किती झोप येते आहे हे कॅरोलिन्स्का मापनपट्टीवर नोंदवत. या पट्टीवर १ म्हणजे अगदी ताजेतवाने आणि ९ म्हणजे डोळे उघडे ठेवण्यासाठी झगडावे लागणे. हा ऑपरेटर त्या अभ्यासात होता. त्याने बारा वाजता ३ लिहिले होते आणि तीन वाजता ५, म्हणजे ना ताजा ना झोपाळू. 'शेवटची मुख्य झोप किती तासांची झाली?' या प्रश्नापुढे त्याने ७ लिहिले होते. कागदावर पाहिले तर त्या रात्रीच्या सर्वांत ताज्या माणसांपैकी तो एक होता. अपघात चार वाजून वीस मिनिटांनी झाला, म्हणजे पाळी सुरू होऊन साडेचार तासही झाले नव्हते. ओव्हरटाइम नव्हता, डबल, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या, मारलेली नव्हती आणि आठवड्यातील ही पहिलीच रात्र होती.

पट्टी नीट बांधताना त्याचा उजवा हात उजेडात आला. नखांच्या कडांना आणि तळव्याच्या रेषांमध्ये निळसर हिरवा रंग बसलेला होता. वेल्डिंग खात्यात हा रंग कोठून येणार? नाशिकमध्ये दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही तो ओळखू येतो. मोरचूद, द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात असतो तो. फवारणीनंतर आलेला माणूस म्हणून मी आधी त्याच्या बाहुल्या आणि नाडी पाहिली, कारण काही कीटकनाशकांची विषबाधा गुंगीसारखी दिसू शकते. तसे काही नव्हते. मग ब्रदरांना चहा आणायला पाठवले आणि विचारले, "बागेची छाटणी झाली का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. दिंडोरी तालुक्यात भावासोबत दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला मजूर मिळण्याची मारामार असते. टोळी रविवारची मिळाली, म्हणून रविवारी छाटणी केली आणि संध्याकाळी बोर्डोची फवारणी उरकली. शनिवारी रात्री दहाला झोपून तो पहाटे पाचला उठला होता. म्हणजे सात तासांची झोप खरी होती, माझ्या फॉर्मवर त्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. ती झोप संपून तेवीस तास वीस मिनिटे झाली होती, आणि हे विचारणारा रकाना माझ्याच फॉर्मवर नव्हता.

"शेताचं कुठं लिहू नका, मॅडम," तो म्हणाला. "त्यावरून आमच्या खात्यात दोघांना आधीच नोटीस मिळालीय."

त्याला एक्स-रेसाठी पाठवून मी दवाखान्यातच बसले आणि पेडलाचा विचार करू लागले. इतका वेळ जागा असलेला माणूस उघड्या डोळ्यांनी, उभ्या उभ्या काही सेकंद झोपू शकतो, आणि सरावाची हालचाल त्या अवस्थेतही चालू राहू शकते. इतक्या छोट्या डुलकीची आठवण बहुधा राहत नाही. जागे झालेला माणूस आपण झोपलोच नव्हतो असे प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा यंत्रही बिघडलेले नव्हते आणि माणूसही खोटे बोलत नव्हता. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातील नीचांकाजवळ असते आणि झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. दीर्घ जागरण त्याच तासावर येऊन आदळले होते.

त्याने नोंदवलेल्या ५ या आकड्याचेही मला फार आश्चर्य वाटायला नको होते. व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या लोकांची कामगिरी सतत घसरत गेली, पण आपल्याला किती झोप येते आहे याचे त्यांचे स्वतःचे मोजमाप थोड्या दिवसांनी जवळपास स्थिर झाले. हे मी वाचलेले होते आणि तरी माझा अभ्यास मी कामगाराच्या स्वतःच्या अंदाजावर उभा केला होता.

याहून टोचणारी गोष्ट दहाच्या बैठकीत समोर आली. प्लँट मॅनेजर, एचआर, सुरक्षा अधिकारी आणि युनियनचे प्रतिनिधी बसले होते. अपघाताच्या अहवालात मूळ कारणापुढे 'कामगाराचा निष्काळजीपणा' आणि उपायापुढे 'लेखी समज' असे टाइप होऊन आले होते. मी थकव्याचा मुद्दा काढताच प्लँट मॅनेजर म्हणाले, "डॉक्टर, ४ मार्चला, सुरक्षा दिनाच्या व्याख्यानात तुम्हीच सांगितलं होतं, की पहिल्या रात्रीपेक्षा चौथ्या रात्री धोका जास्त. हा तर पहिल्या रात्रीचा माणूस आहे."

सांगितले होते खरे. फोकार्ड आणि टकर यांच्या २००३ मधील आढाव्यात सकाळच्या पाळीपेक्षा रात्रपाळीत अपघाताचा धोका सुमारे ३० टक्के अधिक आढळला, आणि लागोपाठच्या रात्रींमध्ये तो चौथ्या रात्रीपर्यंत पहिल्या रात्रीच्या तुलनेत सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला. ही सरासरी आहे. आमच्याकडे पहिल्या पाळीतील माणूस रविवारची सुट्टी घेऊन थेट तिसऱ्या पाळीत येतो, पाचला उठायची सवय घेऊनच येतो, आणि ती सवय पहिल्या रात्रीला काय करते हे मी व्याख्यानात सांगितले नव्हते. पहिली रात्र सुरक्षित, एवढाच अर्थ त्यातून निघाला आणि त्या रात्रीला अवघड जॉब लावले जाऊ लागले.

मी बैठकीत त्यांच्या ओळखीचे माप वापरले. गेटवर संशय आला तर आपण माणसाला यंत्रात फुंकायला लावतो, आणि गाडी चालवताना रक्तात ०.०३ टक्के अल्कोहोल ही आपल्या कायद्याची मर्यादा आहे. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले, की सतरा तासांच्या जागरणानंतर हाताडोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी. "हा माणूस तेवीस तास जागा होता," मी म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशी?" एचआरने विचारले. "काय करत होता दिवसभर?"

"ते माझ्या आणि रुग्णाच्या मधलं आहे."

"मग दोष त्याचाच झाला. विश्रांतीसाठीच सुट्टी असते."

हा मुद्दा मी उडवून लावला नाही, कारण तो दिसतो तितका पोकळ नाही. पण नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे माणसाला झोप लागण्यास सर्वांत अवघड असतात. 'रविवारी आठला झोपून अकराला उठा' असे सांगणे सोपे, शरीर ऐकत नाही. दुपारची झोप शक्य असते, पण दोन खोल्यांच्या घरात, मुले घरी असताना, कितीजणांना ती मिळते? नंतर मी सगळे जुने फॉर्म घेऊन माणसांना पुन्हा विचारले, तेव्हा ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यांच्यापैकीही पहिल्या रात्रीआधी झोपून आलेले थोडेच निघाले. शेतीचा उल्लेख न करताही माझे म्हणणे उभे राहत होते, ही माझ्यासाठी मोठी सोय झाली. तसे झाले नसते तर त्याचा शब्द पाळून मी बैठकीत काय बोलले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

'निष्काळजीपणा' हा शब्द शेवटी अहवालातून गेला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी, बहुधा सगळ्यांत उपयोगाचे, एक काम केले: जेथे पत्र्याची जाडी परवानगी देते तेथे दोन टोकांमधले अंतर सहा मिलिमीटरपेक्षा कमी करून घेतले, म्हणजे पेडल कोणीही, कसेही दाबले तरी मध्ये बोट शिरणार नाही. पहिल्या पाळीनंतर दुसरी आणि मग तिसरी असा पुढे सरकणारा क्रम मी सुचवला, कारण शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे असते. युनियनने तो एका खात्यापुरता, तीन महिन्यांसाठी मान्य केला. पहाटे वीस मिनिटांच्या झोपेची सूचना मात्र हशात गेली. "झोपायचा पगार द्यायचा का?" हे वाक्य दोन्ही बाजूंच्या एकेकाने उच्चारले, आणि त्या दिवशी त्यांचे एकमत झालेली ती एकच गोष्ट होती.

'आज किती वाजता उठलात?' हा रकाना छापील फॉर्मवर घेण्यास एचआरने नकार दिला. उद्या निरीक्षकांपुढे तो कागद आपल्याच विरोधात जाईल, असे त्यांचे म्हणणे. तो मी माझ्या वहीत पेनाने आखला आहे. पुढच्या रविवारी रात्री पावणेबाराला गेटच्या आत टेबल टाकून बसले आणि येणाऱ्याला तेवढेच विचारू लागले. सहा, साडेपाच, सात, पाच. सगळे आत गेल्यावर मी ब्रदरांना विचारले. दिवसा ते एका खासगी रुग्णालयात काम करतात. "लिहा मॅडम," ते म्हणाले, "सव्वापाच."