शेवटची गोळी किती वाजता?

बाबांच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आमच्या चार चकरा झाल्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्सही (कंपवात) धरला आहे, हेच मला त्यांच्या दुखण्याच्या सहाव्या वर्षी कळलं. ऑनलाइन अर्ज अर्ध्या तासात झाला, त्याबद्दल तक्रार नाही.

तपासणीला बोलावलं सकाळी साडेनऊला. बाबांची सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, आठची; साडेनऊला ती ऐन भरात. हाक मारताच बाबा खुर्चीतून उठले, खोलीत फेरी मारून दाखवली, वर डॉक्टरांना "तुमचं गाव कुठलं?" हेही विचारून झालं. "काका तर ठणठणीत आहेत की!" कागदावर आले 30 टक्के. बहुतेक सवलतींना 40 लागतात.

मी म्हटलं, साहेब, बारा वाजता, गोळीचा असर ओसरल्यावर बघा यांना. उत्तर आलं, "आम्ही दिसतं ते लिहितो."

शिक्क्यासाठी तिथेच थांबवलं. सव्वाबाराला निघालो, तर त्याच खोलीच्या दारात बाबांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले. वरचं अंग पुढे, पाऊल जागचं हलेना. मागून शिपाई, "आजोबा, वाट सोडा." मी चप्पल काढून त्यांच्या पावलापुढे आडवी ठेवली आणि म्हटलं, बाबा, ही ओलांडा. तेव्हा कुठे पाय उचलला. (घरी आम्ही दारापाशी रंगीत चिकटपट्टी लावली आहे, तीही अशीच उपयोगी पडते.) खरी तपासणी ती होती. आत दोघे बसले होते, एकानेही मान वर केली नाही.

आमच्या न्यूरोलॉजिस्टना सांगितलं, तर त्यांनी त्यांचा तक्ताच दाखवला. पार्किन्सन्स किती आहे ते मोजायचा, एमडीएस-यूपीडीआरएस म्हणतात त्याला, प्रत्येक गोष्टीला 0 ते 4 गुण. त्यात पेशंट आत्ता 'ऑन' (गोळीचा असर चालू) आहे की 'ऑफ' (असर ओसरलेला) आणि शेवटच्या गोळीला किती मिनिटं झाली, हे लिहायला जागाच ठेवलेली आहे. त्या टेबलावर कुणी एवढं विचारलं असतं, तर माझ्या तीन चकरा वाचल्या असत्या.

मग त्यांनी सांगितलं तसा तीन दिवस दर अर्ध्या तासाचा तक्ता भरला: हालचाल मोकळी, जखडलेले, अंग वळवळतंय की झोपलेत. जोडीला मोबाइलवर व्हिडिओ. भिंतीवरचं घड्याळ त्यात दिसलंच पाहिजे, नाहीतर कोण मानणार? आणि हो, तपासणीत वाईट दिसावं म्हणून गोळी चुकवू नका. माझ्याही डोक्यात आलं होतं, त्यावर डॉक्टर चांगलेच रागावले.

दुखण्याची जुनी नोंद तर माळ्यावरच सापडली. बाबा दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकोनात लिहीत. आधीच्या वर्षांत 'दीड लि.' चौकोनभर ऐसपैस, मग अर्ध्यात, मग मुंगीएवढं. निदान होण्याच्या दोन वर्षं आधीपासून अक्षर आक्रसत चाललं होतं आणि आम्ही त्यांना म्हणत होतो, चष्मा बदला.

पुन्हा अर्ज केला. दुपारची वेळ मागितली, तर "वेळ आम्ही ठरवणार." पुढच्या चकरेला डॉक्टर रजेवर. त्यापुढच्या वेळी गर्दीच एवढी की नंबर आपोआप एक वाजता लागला. आयुष्यात पहिल्यांदा रांगेचे आभार मानले. यावेळी तक्ता पाहिला, व्हिडिओ पाहिला, 55 टक्के मिळाले. पण दाखला तात्पुरता, पाच वर्षांनी पुन्हा या. तोवर हे उतरणार आहे का, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

चौथी चकर दाखला घ्यायची. रजिस्टरात बाबांनी सही केली. क्लार्कने ती निरखून पाहिली, मग आमच्या कागदांतली जुनी बँकेची सही पाहिली.

"जुळत नाही. ही फार बारीक आहे."

चौतीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाबांचा शेवटी अंगठा घेतला.