तीन दिवस अँटिग्वा
अख्खा रविवार ग्वाटेमालाच्या अँटिग्वाचं प्लॅनिंग करण्यात गेला आणि हातात काय, तर नुसती ह्यूस्टनहून जायची तिकिटं. ह्यांना आकातेनांगो हा ज्वालामुखी चढायचाय, ३९७६ मीटर, रात्री तंबूत कुडकुडत बसून समोरचा दुसरा ज्वालामुखी, फुएगो, लाल ठिणग्या उडवताना बघायचाय. माझे गुडघे कळसूबाईलाच बोलायला लागले होते, आणि ती फक्त १६४६! मला आपली ती पिवळी सांता कातालीनाची कमान, दगडी रस्ते आणि १७७३ च्या भूकंपात पडलेली चर्चेस निवांत बघायचीत (त्यानंतरच तर राजधानी तिथून हलवली). शेवटी तह झाला, ते वर, मी खाली कॉफी पीत. संध्याकाळी आई फोनवर, "ज्वालामुखी जिवंत आहे ना गं? मग मुद्दाम जवळ कशाला जाताय?" आता काय सांगू! ह्यांची कानटोपी अजून सापडली नाहीये ते वेगळंच.