पेन्शन आहे की तुम्हाला!

2 नोव्हेंबर 2025, चाकण

उद्या कामावर हजर व्हायचं. संध्याकाळी बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. ही म्हणाली, "अहो, कंपनी सेफ्टी शूज देणाराय ना? मग हे कशाला घासत बसलाय?" काय सांगणार! 17 वर्षं सोमवारच्या आदल्या रात्री बूटच घासले.

31 जानेवारीला फौजेतून पेन्शन आलो. निवृत्त झालं की आमच्या सातारा भागात असंच म्हणतात, 'पेन्शन आला'. वय 37. ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेइकल मेकॅनिक होतो, हुद्दा नाईक. पण गावात उतरल्या दिवसापासून मी 'मेजर'. गावाला सुटून आलेला फौजी मेजरच असतो, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

नऊ महिने घरी काढले. फंड, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स, रजेचे पैसे, विकलेली पेन्शन असे सगळे मिळून बत्तीसेक लाख खात्यात आले होते. आज वहीत मांडून बघितलं. घरावर स्लॅब टाकला, धाकट्या भावाला ट्रॅक्टरच्या कर्जातून सोडवला, चुलतबहिणीच्या लग्नात हात सैल सोडला. दोघा मित्रांनी 'दोन महिन्यांत देतो' म्हणून नेलेले अजून त्यांच्याकडेच. उरलेत अकरा लाख. कुणी लुटलं नाही, चैन केली नाही. नुसते गेले.

पेन्शन विकण्याचं एक लिहून ठेवतो. सिकंदराबादला डिस्चार्जची कागदपत्रं चालू होती तेव्हा क्लार्कने मान वर न करता विचारलं, "कम्युटेशन किती?" माझ्या पुढच्याने 50 टक्के सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. फौजेला निम्म्यापर्यंत विकता येते. मीही 50 म्हणालो. साडेबावीस हजारांतले सव्वाअकरा हजार कापले, बदल्यात बारा लाखांच्या वर एकरकमी मिळाले. ही कपात 15 वर्षं चालणार, मग पूर्ण पेन्शन परत सुरू. म्हणजे 180 महिन्यांत 20 लाख 25 हजार जाणार. थोडक्यात, मी स्वतःच्याच पेन्शनवर सात टक्क्यांच्या वर व्याजाचं कर्ज काढलंय. तसं महाग नाही. पण ते कर्ज आहे हे मला ट्रॅक्टरचे पैसे देऊन झाल्यावर उमगलं. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळतो एवढं बरं, म्हणून महिन्याला तेवीस हजारांच्या वर पडतात.

झोपतो आता. पहाटे साडेचारला जाग येणारच आहे, शिफ्ट आठची असली म्हणून काय झालं!

3 नोव्हेंबर

एचआरमधला पोरगा पंचविशीचा असेल. मला 'सर' म्हणतो, मीही त्याला 'सर' म्हणतो. दोघंही अवघडलेले.

बरेच फॉर्म झाले. शेवटी पीएफचा, फॉर्म नंबर 11. त्यात प्रश्न: यापूर्वी भविष्य निर्वाह निधीचे सदस्य होता का? मी पटकन 'हो' लिहायला गेलो. तो म्हणाला, "सर, आर्मीचा फंड यात धरत नाहीत. तुम्ही 'नाही' लिहा." फौजेचा एएफपीपी फंड वेगळा, हा 1952 च्या कायद्याचा पीएफ वेगळा. पटलं. तरी 17 वर्षं दर महिन्याला फंड कापून घेतलेला माणूस 'नाही' लिहिताना थबकतोच. परत रिक्रूट.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "सर, खरं तर तुम्हाला पीएफ नाही घेतला तरी चालतं. बेसिक 15 हजारांच्या वर आहे आणि आधी कधी मेंबर नव्हता. लिहून दिलं की झालं. तुमचे 2,208 आणि कंपनीचे 2,208, सगळे हातात देतील. तुम्हाला काय, पेन्शन आहे की!"

पोरगा खोटं बोलत नव्हता, नियम तसाच आहे. 18,400 बेसिकवर 12 टक्के माझे, 12 टक्के कंपनीचे. दोन्ही मिळून 4,416. इथं दोन खोल्यांचं भाडं 9 हजार. थोरली सहावीत, धाकटा तिसरीत, दोघांची शाळेची व्हॅन वेगळी. 4,416 म्हणजे जवळजवळ निम्मं भाडं.

"सोमवारपर्यंत सांगतो," म्हणालो आणि फॉर्म घडी घालून खिशात टाकला. फौजेत कुठला फॉर्म मी घरी आणला नव्हता. तिथं उभ्या उभ्या सही व्हायची.

4 नोव्हेंबर

लेह आठवलं. वर्कशॉपमध्ये उघड्या हाताने पाना धरला तर कातडी चिकटायची, अशी थंडी. अशा थंडीत आमच्या सुभेदार साहेबांनी एके सकाळी अख्ख्या सेक्शनला फॉलइन करून, म्हणजे रांगेत उभं करून, फंड वाढवायचे अर्ज भरून घेतले होते. "जो सही नहीं करेगा वो गार्ड ड्यूटी करेगा!" आम्ही मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि सह्या केल्या. दोन महिन्यांत विसरलोही. पगार हातात यायचा तो कापूनच, त्यामुळे तेवढाच पगार आहे असं वाटायचं. विकलेली पेन्शन सोडली तर परवाच्या बत्तीस लाखांत सर्वांत जाड आकडा त्या फंडाचा होता. बचत मी कधी केलीच नाही. माझ्याकडून करून घेतली गेली.

थोरलीला कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं. वयाच्या 58 पर्यंत 21 वर्षं, महिन्याला 4,416, व्याज सध्याचं 8.25 टक्के. व्याज दर वर्षी सरकार ठरवतं, पण तेच राहील असं धरलं आणि पगार एक रुपयाने वाढला नाही असंही धरलं. तिने दोनदा करून बघितलं. 28 लाखांच्या आसपास. "बाबा, एवढे कुठून आले?" म्हणाली. तिला चक्रवाढ व्याज अजून शाळेत आलेलं नाही.

9 नोव्हेंबर, गाव

आबांना विचारायला आलो होतो. म्हणजे विचारायला नव्हे, होकार घ्यायला.

आबा 1989 ला शिपाई म्हणून पेन्शन आले, मी तेव्हा वर्षाचा. नंतर 23 वर्षं एका ठेकेदाराकडे वॉचमन. ठेकेदाराने त्यांना पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, हे मला आज कळलं. "पेन्शन आहे तुमाला, पीएफ कशाला कापायचा?" आबांनी रोख घेतली. महिन्याच्या दहाला खाकी पाकीट यायचं, ते मला आठवतं. ठेकेदारी सुटली त्या दिवशी हिशेब पूर्ण झाला, कारण हिशेब काही नव्हताच. शिट्टी आणि बॅटरी घरी आली. बॅटरी अजून चालते.

मी म्हणालो, "आबा, घेतला असता पीएफ तर?"

"तर काय? आरं, माझं काय बिघडलं?" आबा चिडले नाहीत, पण पाय आवळून बसले. "वन रँक वन पेन्शन झाली, फरक मिळाला, त्यात म्हैस आली. गोळ्या साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकात फुकट. तुला काय वाटतं, म्या उपाशी हाय?"

उपाशी नाहीत, हे खरंच. त्यांची पेन्शन माझ्या लहानपणी अगदी किरकोळ होती. वेतन आयोगांनी आणि 1 जुलै 2014 पासून लागू झालेल्या ओआरओपीने, म्हणजे त्याच वन रँक वन पेन्शनने (हुद्दा आणि नोकरी सारखी तर पेन्शन सारखी), ती वर आली. दर पाच वर्षांनी त्याचा फेरआढावा असतो. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आठव्या वेतन आयोगाच्या बातम्यांनी पेटलेला आहे, जो तो गुणाकार करत बसलाय. म्हणजे 'पेन्शन आहे की' म्हणणारे सगळे मूर्ख नाहीत. आबांच्या ओट्यावर बसून माझीच बाजू मला लंगडी वाटायला लागली.

तेवढ्यात आई चुलीपासून म्हणाली, "मला किती मिळंल रं, ह्यांच्या मागं?"

आबा गप्प. मीही जरा गप्पच. मग सांगितलं: कुटुंब पेन्शन पहिली काही वर्षं जास्त मिळते तीही वयाच्या अटीवर, आबांच्या वयाला ती लागू नाही. तुला थेट शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे आबांची मूळ पेन्शन दहा रुपये असेल तर तुला सहा. भत्ता वर वेगळा.

आईने तवा उतरवला. "मग म्हशी दोन कराव्या लागतील," म्हणाली. भाकरी थापताना आजपर्यंत किती वेळा हा हिशेब तिच्या डोक्यात येऊन गेला असेल कुणास ठाऊक. आबा उठून गोठ्याकडे गेले.

10 नोव्हेंबर

फॉर्म दिला. पीएफ हवा. वर आणखी 8 टक्के माझ्याकडून स्वेच्छेने कापा, असंही लिहून दिलं. कंपनी तेवढे जास्त घालणार नाही, पण व्याज तेच मिळतं आणि मुख्य म्हणजे पैसे हातात यायच्या आधी जातात. स्वतःच स्वतःला फॉलइन केलं म्हणायचं.

माझा बेसिक 15 हजारांच्या वर आणि मी नवा सदस्य, म्हणून ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन मला नाही. कंपनीचा वाटा सगळा पीएफमध्येच पडणार. गेटवर माझ्याच बॅचचा एक जण आहे, एजन्सीकडून. त्याचा बेसिक कमी, त्याच्या मालकाच्या 12 मधले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. 10 वर्षं भरली तर 58 नंतर त्याला छोटी दुसरी पेन्शन. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो एजन्सी दर वर्षी बदलतो आणि दर वेळी जुन्या पीएफचे पैसे काढून घेतो. त्याला म्हटलं, काढू नकोस, ट्रान्सफर कर, वर्षं धरली जातात. "बघू," म्हणाला. त्या पैशांतून त्याने मोटारसायकल घेतलीये.

16 नोव्हेंबर

सुभेदार साहेब जेवायला आले होते. तेच, लेहचे. आता विमा विकतात. मटण केलं. जेवण झाल्यावर साहेबांनी बॅगेतून रंगीत कागद काढला. वर्षाला एक लाख, 12 वर्षं भरायचे, मग गॅरंटीड उत्पन्न. "तेरे ग्यारह लाख बैंक में सड़ रहे हैं."

मी ताठ बसलो होतो. साहेबांनी कागद पुढे केला की माझं पेन आपोआप उघडतं. शिवाय या माणसामुळेच तर फंड मोठा झाला होता. मी 'जी साहब' म्हणणार, एवढ्यात ही आतून सुपारी घेऊन आली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, मधे अडचण आली आणि तीन वर्षांनी बंद केलं, तर किती परत मिळतात?"

साहेबांनी चष्मा पुसला. टेबलमध्ये बघून सांगतो, म्हणाले. टेबल सापडलं नाही. मग लेहच्या गप्पा झाल्या. जाताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "मिसेस समझदार है." वाईट वाटलं त्यांच्यासाठी. त्यांनाही घर चालवायचंय आणि कमिशनवर माणूस लवकर म्हातारा होतो.

रात्री दोघांनी बसून अकरा लाखांचं ठरवलं. तीन लाख आजारपण-अडचणीला, बँकेत एफडी. बाकी एकदम कुठं घालायचे नाहीत. हिच्या नावाने पोस्टात पीपीएफ काढायचं, महिन्याला 3 हजार. 5 तारखेच्या आत भरायचे, कारण 5 नंतर भरलेल्यावर त्या महिन्याचं व्याज नाही. पेन्शन महिनाअखेरीला येते, तेव्हा हे जमतं. पगार 7 ला, त्याच्यावर विसंबलं तर दर महिन्याचं व्याज बुडेल. एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, घोंगडं भिजत ठेवलंय. बरीच वर्षं पैसे कुलपात राहतात म्हणून लोक नाकं मुरडतात, मला तेच त्यातलं चांगलं वाटतं. पण एका वेळी एकच. आणि वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात: 'ज्येष्ठ नागरिक बचत योजना: इतरांना साधारणपणे 60, निवृत्त फौजींना 50 पासून.' तेरा वर्षांनी बघायचंय. तोवर वही टिकली पाहिजे.

14 डिसेंबर

पीएफचा पहिला आकडा पासबुकात दिसला. आबांना फोनवर वाचून दाखवला. "बरं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कागद नीट ठेव." एवढंच.

नॉमिनीचं राहिलं होतं, ते आज बसून केलं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढताना मोबाइलसमोर माझा चेहरा दाखवून, डोळे मिचकावून झालं होतंच, आता हिचा फोटो चढवायचा होता. हिला भिंतीला पाठ लावून उभी केली. हिने आत जाऊन साडी बदलली, टिकली नीट केली, परत आली.

"कशासाठी आहे म्हणालात?"

"मी गेल्यावर पैसे तुला मिळावेत म्हणून."

ती तशीच उभी राहिली, हात पोटाशी बांधून, शाळेच्या फोटोत उभं राहतात तशी. मी मोबाइल धरला.

"मग हसायचं का नाही?" तिने विचारलं.