पिनवाला अलार्म: टिकटिकीचं मूळ सापडलं

धावायला जाणाऱ्या बाईनं संकटात पिन ओढली की सायरन वाजवायचा, असा हा हातात धरायचा अलार्म. धावण्याच्या हादऱ्यानं उगाच वाजणारा सायरन, हे त्याचं मागचं दुखणं संपलं. पावलागणिक पिनमधलं चुंबक रीड स्विचपासून (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा स्विच) क्षणभर सरकायचं. ओढलेली पिन मात्र आपणहून जागेवर येत नाही. म्हणून स्विच सलग २५० मिलिसेकंद सुटा राहिला तरच वाजवायचं. मिनिटाला १७० पावलांच्या गतीतही आता खोटा अलार्म नाही. ही मोठी गोष्ट आहे, कारण दोनदा उगाच वाजलेला अलार्म तिसऱ्या दिवशी घरीच राहतो आणि बाई त्याच्याविना धावायला जाते.

पण टेबलावरच्या पॉवर सप्लायवर कान फाडणारा सायरन सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या ३ व्होल्टच्या सेलवर नुसता टिक... टिक... टिक. सेकंदाला जेमतेम चार. सोल्डरिंग पुन्हा केलं, पिएझो (आवाज काढणारी चकती) बदलला, फरक शून्य. सेलवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा चढउतार दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा उलगडा झाला. सेलचा अंतर्गत रोध १५ ओहम धरा. सायरननं १०० मिलिअँपिअर ओढले की ३ पैकी १.५ व्होल्ट तिथेच जातात. १.८ च्या खाली एटीटायनी८५ (अलार्म चालवणारी चिप) ब्राउन-आउटनं, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्यानं, रीसेट होतो, सायरन थांबतो, व्होल्टेज सावरतं, परत २५० मिलिसेकंदांची वाट, परत टिक. आधीचा उपायच हे ठोके पाडत होता!

ही घसरण भरून काढायला वीज साठवणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला. एवढ्या प्रवाहाला तो ५ मिलिसेकंदांतच १ व्होल्ट उतरतो, तेव्हा तो बाद. जास्त प्रवाह देऊ शकणाऱ्या सीआर२ सेलवर मात्र सायरन अखंड वाजला, आणि तो आवाज ऐकून फार बरं वाटलं. सेलचं वजन ३ ग्रॅमवरून ११ वर गेलं, डबीही २७ मिलिमीटर लांबीच्या सेलसाठी नव्यानं काढावी लागेल. चालेल. आवाजाची भोकं दोन बाजूंना हवीत. एकच असेल तर तळहातानं झाकलं जातं.

नुसतं ‘१३० डेसिबल’ छापून अंतर न सांगणाऱ्या विक्रेत्यांवर विसंबू नका. १० सेंटिमीटरवरचे १३० मोकळ्या जागेत १ मीटरवर ११० होतात, १० मीटरवर ९०.

डबीचं काम आज हातात घ्यायचं होतं, पण हे लिहितानाच एक धोका लक्षात आला. पिन परत लावली की सायरन थांबतो, म्हणजे हिसकावून घेणाराही तो थांबवू शकतो. साधं चुंबकही पुरेल. तेव्हा आधी कोड: अलार्म लागल्याची नोंद ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी चिपमधली मेमरी), तीही सायरन सुरू होण्याआधी, कारण व्होल्टेज घसरताना केलेली नोंद बिघडू शकते. रीसेटनंतर नोंद दिसली की वाट न पाहता थेट सायरन. बंद करायला पिन जागेवर हवी, शिवाय मागच्या खोलगट भोकातलं बटण ५ सेकंद दाबून धरायचं. डबी त्यानंतर.