दाराबाहेर बसून शिकलेला पास्टर

काल चर्चमध्ये भक्ती संपल्यावर खुर्च्या गोळा करताना आमच्या तरुणांच्या यूथ ग्रुपमधल्या एका पोराने विचारलं, दादा, आपला हा पेंटेकॉस्टल ख्रिस्ती पंथ मुळात सुरू कुणी केला? मी म्हटलं विल्यम सिमोर, तर त्याने हे नावच ऐकलेलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं, रात्री झोप नाही लागली नीट, म्हणून हे लिहायला बसलोय.

सिमोर यांचा जन्म 2 मे 1870 चा, अमेरिकेतल्या लुईझियानातला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, घरची गरिबी. पुढे देवीच्या रोगात एक डोळा गेला. 1905 मध्ये ते टेक्सासमधल्या ह्यूस्टनला होते आणि तिथे चार्ल्स पार्हम नावाचे गोरे उपदेशक बायबल स्कूल चालवायचे, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे देवाचा आत्मा माणसात उतरणं, आणि अन्यभाषा, म्हणजे त्या आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत बोलणं, हा त्यांचा विषय. सिमोरना शिकायचं होतं. पण काळ्यांनी गोऱ्यांबरोबर एका वर्गात बसायचं नाही अशी तिकडची रीत, मग सिमोर वर्गाच्या बाहेर बसायचे, दार थोडं उघडं ठेवलेलं असायचं, तेवढ्यातून जे कानावर पडेल ते घ्यायचे. दाराबाहेर बसणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्यांना बोलावलं. अन्यभाषांवर उपदेश केला, तो तिथल्या पुढाऱ्यांना पटला नाही, आणि पुढच्या वेळी आले तर दाराला कुलूप! परत दाराबाहेरच. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही. एका कुटुंबाने घरात घेतलं, तिथे प्रार्थना सुरू झाली, मग बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या अ‍ॅसबेरी यांच्या घरी, उपास-प्रार्थना, आणि 9 एप्रिलला लोक अन्यभाषांत बोलायला लागले. जेनी मूर नावाची बहीण त्यात होती, पियानो कधी शिकली नव्हती आणि त्या रात्री पियानो वाजवत गायली अशी तिची साक्ष आहे.

घर पुरेना तेव्हा 312 अझुसा स्ट्रीटची इमारत मिळाली. पूर्वी चर्च होतं, पण नंतर तिचा तबेला आणि गोदाम झालेलं. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकला, खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या ठेवून बाकं केली, आणि पुलपिट, म्हणजे उपदेशाला उभं राहायची जागा, ती एकावर एक ठेवलेले दोन लाकडी खोके. सिमोर त्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसायचे, कितीतरी वेळ. मला त्यांच्याबद्दलची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण आज स्टेजवर लाईट आणि साऊंड सिस्टीम सगळं आहे पण तोंड लपवून प्रार्थना करणारा पास्टर मी फार कमी बघितलाय.

18 एप्रिलला लॉस एंजेलिस टाइम्सने टिंगल करणारी बातमी छापली, त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला, आणि गर्दी वाढतच गेली. काळे, गोरे, मेक्सिकन, शिकलेले, धुणीभांडी करणारे, सगळे एका फळीवर, आणि ते सुद्धा 1906 च्या अमेरिकेत. त्या वेळी तिथे असलेल्या फ्रँक बार्टलमन यांनी लिहून ठेवलंय की वर्णाची रेषा येशूच्या रक्ताने धुऊन निघाली. माझ्यासाठी अझुसाचा खरा चमत्कार हाच आहे, अन्यभाषा त्याच्या नंतर.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी विसरू नये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे अशीच आत्मिक जागृती, आली ती 1905 मध्ये, म्हणजे अझुसाच्या आधी. पुण्याजवळच्या त्या विधवा आणि अनाथ मुली रडत प्रार्थना करत होत्या तेव्हा सिमोर अजून ह्यूस्टनलाच होते. त्यामुळे हे तिकडून इकडे आलं असं कोणी म्हटलं की मी त्यांना केडगाव सांगतो.

पुढचं लिहायला जड जातंय. ऑक्टोबर 1906 मध्ये पार्हम स्वतः अझुसाला आले, पण काळे-गोरे एकत्र बघून त्यांना राग आला आणि ते जाहीरपणे विरोधात गेले. ज्यांच्या दाराबाहेर बसून शिकले तेच. मग सिमोर यांचं वर्तमानपत्र, 50 हजारांपर्यंत प्रती जायच्या, त्याच्या वर्गणीदारांची यादी त्यांच्या हातातून जाऊन पोर्टलंड शहरात गेली आणि वाचकांशी संपर्कच तुटला. गोरे पुढारी एकेक करून आपापल्या मंडळ्या काढून निघून गेले, आणि 1915 मध्ये सिमोरनी नियम केला की मंडळीचे पदाधिकारी काळेच असतील. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून दिला. किती दुखलं असेल त्या माणसाला, की सगळ्यांना एका फळीवर बसवणाऱ्यालाच हे लिहावं लागलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

28 सप्टेंबर 1922 ला हार्ट अटॅकने ते प्रभूकडे गेले, तेव्हा मंडळीत मोजकीच माणसं उरली होती. त्यांच्यामागे मंडळी सांभाळली ती त्यांच्या बायकोने, म्हणजे पियानोवाल्या जेनी मूर यांनीच, 1908 मध्ये दोघांचं लग्न झालं होतं. 1931 मध्ये अझुसाची इमारत पाडली, आणि उरलेली माणसं घेऊन जेनीबाई परत बॉनी ब्रे स्ट्रीटवर घरात भक्ती घ्यायला लागल्या.