मधलं नाव

परवा इथे एका बँकेत खातं उघडायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅम, हे मधलं नाव तुमच्या आईचं माहेरचं आडनाव ना? म्हटलं नाही गं, नवऱ्याचं नाव आहे. झालं, फॉर्म परत! फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं आडनाव, कॉम्प्युटरमध्येही तसंच बसवलेलं, त्यामुळे प्रत्येक ऑफिसात माझी हीच कथा, दोन चकरा, एक अर्ज, वर "मग तुमच्यात आईचं नाव कुठेच लावत नाहीत?" हा प्रश्न. तिसऱ्या वेळी मात्र मी ठणकावून सांगितलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवरच्या नावात आमच्या महाराष्ट्रात आईचं नाव लावणं सरकारने सक्तीचं केलंय. माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर आईचं नाव शेवटच्या पानावर आहे, ते नाही सांगितलं.

घरी आल्यावर शेजारच्या लोलाला (इथे आजीला लोला म्हणतात) सगळं सांगितलं तर ती म्हणे, आमच्या एफपीजेचं मधलं नाव माहितीये? केली. आईचं.

एफपीजे म्हणजे फर्नांडो पो ज्युनियर, इथला मोठा नट. आमच्या केसोन सिटीत एलआरटीचं (इथली शहरातली रेल्वे) शेवटचं स्टेशन आहे ना, ते पूर्वी रूझवेल्ट होतं, 2023 मध्ये 20 ऑगस्टला, त्याच्या वाढदिवशी, त्याचं नाव दिलं. मी रोज तिथे उतरते आणि माणूस कोण ते मला लोलाकडून कळलं.

खरं नाव रोनाल्ड ॲलन केली पो. वडील फर्नांडो पो मोठे नट, 1951 मध्ये रेबीजने गेले, मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. शाळा सुटली, फिल्म कंपनीत निरोप्या झाला, स्टंट केले आणि पडद्यावर येताना वडिलांचं नाव लावलं. खरं तर वडिलांचं नाव ठेवलेलं होतं ते धाकट्या भावाला! 1956 च्या 'लो वेस्ट गँग'ने स्टार झाला, 1961 मध्ये स्वतःची कंपनी काढली. आणि दिग्दर्शन करायचा तेव्हा पाटीवर तिसरंच नाव, रोनवाल्डो रेयेस. 1980 चा 'आंग पांदाय' त्याच नावाने केलेला, पांदाय म्हणजे लोहार, उल्केच्या लोखंडातून शस्त्र घडवणारा. लोलाबरोबर बघितला, भाषा अर्धीच कळली पण लोला प्रत्येक मारामारीला पुढे सरकून बसत होती. गरीब माणूस आधी सगळं सोसतो, मग उठतो, हे त्याच्या सिनेमातलं तिला तोंडपाठ आहे.

2004 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. (आपल्याकडच्या एमजीआर, एनटीआरची गोष्ट मी लोलाला लगेच ऐकवलीच, की आमच्याकडे नट जिंकतातही!) आणि इथे नावाचा विषय परत आला बघा. आई अमेरिकन, आईवडिलांचं लग्न त्याच्या जन्मानंतर वर्षभराने, म्हणून विरोधक कोर्टात गेले की हा मुळी जन्माने फिलिपिनोच नाही. सुप्रीम कोर्टाने मार्चमध्ये त्या याचिका फेटाळल्या, वडील फिलिपिनो हे धरून. म्हणजे ज्या देशात मधल्या जागी आईचं आडनाव लागतं तिथे एवढ्या मोठ्या माणसाला शेवटी बापाच्याच कागदांनी वाचवलं! हे ऐकून मला का कोण जाणे फार बरं वाटलं, नवऱ्याचं नाव लावते म्हणून काही मी मागासलेली नाही.

निवडणूक तो ग्लोरिया मॅकापागाल अरोयोंकडून साधारण 11 लाख मतांनी हरला आणि डिसेंबरमध्ये पक्षाघाताने गेला. 2006 मध्ये अरोयोंनी त्याला राष्ट्रीय कलाकार हा किताब जाहीर केला तर त्याची बायको, नटी सुझान रोसेस, आणि घरच्यांनी तो घेतला नाही. सहा वर्षं. 2012 मध्ये नव्या अध्यक्षांनी, बेनिग्नो अकिनोंनी दिला तेव्हा घेतला. हा किस्सा सांगताना लोलाचा आवाज चढतो, आणि माझ्याही अंगावर काटा आला. आपल्याकडे इतका मोठा मान असा सहा वर्षं कुणी दाराबाहेर ठेवला असता का, मला पटकन एकही नाव आठवेना.

सोमवारी परत बँकेत जायचंय, लग्नाच्या सर्टिफिकेटची कॉपी घेऊन. लोला सोबत येते म्हणालीये.