तुम्ही विचारलंत म्हणून: मासा कुठे जन्मला, हे कळतं कसं?

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. मी नदीतल्या माशांचं कूळ शोधते. त्यामुळे कुणाशी नवी ओळख झाली की थोड्या वेळात प्रश्न येतोच: "समुद्रातून परतलेला मासा कुठल्या ओढ्यात जन्मला, हे तुम्हाला कसं कळतं?"

त्याच्या कानातून. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. अशा माशाच्या आंतरकर्णात चुन्याचे चिमुकले खडे असतात, त्यांना ओटोलिथ म्हणतात. पिल्लू असल्यापासून त्यांवर थर चढत जातात. हाडातला चुना शरीर गरजेला काढून वापरतं, या खड्याला मात्र हात लावत नाही. चढलेला थर कायमचा.

त्या थरात कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्राँशियम, म्हणजे पाण्यात विरघळलेला कॅल्शियमसारखाच एक धातू, शिरतं. त्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) एकमेकांशी प्रमाण पाणी कुठल्या खडकावरून आलं त्यावर ठरतं: जुन्या ग्रॅनाइटवरून आलेल्या पाण्यात ८७ जास्त, चुनखडीवरून आलेल्यात कमी. समुद्रात मात्र सगळीकडे ०.७०९२ च्या आसपास. खडा मध्यापर्यंत घासायचा, लेसरने मध्यापासून कडेपर्यंत रेघ मारायची आणि उडालेली धूळ मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा घासता घासता मधला भागच घालवला, म्हणजे त्या माशाचं बालपणच पुसलं.

नवशिके इथे हमखास फसतात: अगदी मध्यावर समुद्राचा आकडा येतो. सॅमन समुद्रात तर जन्मत नाही! पण आईने अंड्यातला बलक समुद्रात असताना तयार केलेला असतो, त्यामुळे पहिले थर आईचे. पिल्लाचं स्वतःचं पाणी त्याच्या जरा बाहेर सापडतं.

आणि नुसत्या खड्याने काही होत नाही. खड्यातला आकडा ताडून पाहायला आधी एकेका उपनदीवर जाऊन पाण्याच्या बाटल्या भरून आणाव्या लागतात. दोन-तीन ओढे एकाच जातीच्या खडकावरून वाहत असले, तर आकडाही एकच. मग उत्तर "या तिघांपैकी एक" एवढंच. लोकांचा हिरमोड होतो, पण मला खोटं नाव सांगण्यापेक्षा हे बरं वाटतं.

एवढा खटाटोप कशाला? युरोपातली ऱ्हाईन नदी घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथला सॅमन संपला होता. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेलं, आणि पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी ठरवलं की २००० पर्यंत सॅमन परत आणायचा. बाहेरच्या नद्यांमधली अंडी आणून पिल्लं सोडली. १९९० मध्ये सीग या उपनदीत सॅमन परतलाही. आता परतलेला प्रत्येक मासा आनंदाचाच, पण खरा सवाल वेगळा: हा नदीत जन्मला की हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्राच्या, टाकीत? टाकीतलेच परत येत असतील, तर सोडणं थांबवलं की खेळ खलास.

यावर एक उपाय साधा आहे. २००८ पासून ऱ्हाईनमध्ये अ‍ॅलिस शॅड, म्हणजे आपल्या हिल्साच्या गोतातला मासा, सोडला जाऊ लागला. फ्रान्समधल्या गॅरोन आणि दॉर्दोन्य या नद्यांच्या माशांपासून मिळवलेल्या त्या पिल्लांना सोडण्याआधी ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या पाण्यात ठेवत. खड्यात त्याचं कडं उमटतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. चमकलं तर टाकीतला. न चमकलं तर नदीतला, असं मात्र लगेच म्हणू नका. वाट चुकून दुसऱ्या नदीतून आलेला पाहुणाही असू शकतो. तिथे पुन्हा स्ट्राँशियमकडे यावं लागतं.

मासा मारावा लागतो का, हा पुढचा प्रश्न. खडा काढायचा तर हो, आणि मोजकेच मासे असलेल्या नदीत ते कुणालाच परवडत नाही. पण शॅड बहुतेक वेळा अंडी घालून मरतो. म्हणून हंगामाच्या शेवटी आम्ही हातमोजे आणि पिशव्या घेऊन काठाने फिरतो. वासाची सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.